देव ठिकाणावर

“बिरोबानं नदीला इचारलं, बाई गं, मला पल्याड जायचंय, उतार कुठं हाय?” मायाप्पा म्हणाला आणि दिमडीवर बोटं टेकवून थांबला.

“व्हय जी,” पद्माबाईने हुंकार दिला.

आवाज फाटका निघाला. मायाप्पाने बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. तिचा घसा दिवाळीपासून बसला होता. सुंठ-गूळ झाला, मिठाचं पाणी झालं, मेडिकलवाल्याच्या गोळ्या झाल्या, तरी तो उठायचं नाव घेत नव्हता. तंबाखू सोड म्हटलं की ती म्हणायची, आधी तुम्ही बोलणं सोडा.

कथा चालली होती बसवकल्याणात, उद्धवरावांच्या माजघरात, भर दुपारी. उद्धवरावांची आई राजूबाई बाजेवर पडून होती. तोंडात घातलेलं पाणी गालावरून ओघळत होतं, माणूस ओळखू येत नव्हता, पण जीव काही जात नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले होते. गंगाजल झालं, तुळशीचं पान झालं. जिच्यात जीव अडकला असेल म्हणून पुण्याहून बोलावलेली धाकटी लेकही येऊन, रडून, आता कोपऱ्यात मोबाईल बघत बसली होती. तेव्हा कोणीतरी म्हटलं, मायाप्पाला आणा.

मायाप्पा धनगर कथा सांगायचा. त्याचा बाप सांगायचा, आजा सांगायचा. एके काळी लग्नाला, जावळाला, नवस फेडायला त्याला बोलावणं यायचं आणि हुमनाबादपासून आळंदपर्यंत त्याच्या पायाखालून न गेलेलं गाव नव्हतं. मग लग्नात डीजे आला, जावळात केक आला. उरलं एकच काम, कारण त्या कामाला डीजे चालत नाही. ज्याचा जीव अडकलाय त्याच्या उशाशी बसून बिरोबाची कथा सांगायची. बिरोबा बहिणीवर रुसून आपला माळ सोडतो, मेंढरं घेऊन मुलूखभर भटकतो आणि शेवटी परत येऊन माळावरच्या आपल्या दगडावर बसतो. देव ठिकाणावर बसला की अडकलेला जीवही वाटेला लागतो, असं त्याची बिरादरी मानायची, आणि बिरादरीचं बघून उद्धवरावांसारखे इतरही मानू लागले होते. ही कथा दिवसाउजेडी सांगायची. एकदा सुरू केली की अर्धी सोडायची नाही, आणि ज्या घरात संपली त्या घरात वर्ष उलटल्याशिवाय पुन्हा काढायची नाही.

पद्माबाई बाजेच्या पायथ्याशी बसली होती, एक हात राजूबाईच्या तळव्यांवर ठेवून. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तिथेच बसायची. कथेला हुंकार लागतो. समोरून ‘व्हय जी’ आलं नाही तर सांगणारा भिंतीशी बोलल्यासारखा होतो, आणि भिंतीशी किती वेळ बोलणार?

नदी ओलांडून झाली. देवाला पल्याडच्या रानात अजून दोन मुक्काम करायचे होते. एवढ्यात पद्माबाईचा हुंकार लांबला. “व्हय जीऽऽ.”

मायाप्पाने ठेका बदलला, मुक्काम गाळले आणि मेंढरांची तोंडं घराकडे वळवली. का वळवलीस असं कोणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, देवाच्या मनात आलं. देव माळावर आला, दगडावर बसला, मायाप्पाने भंडारा उधळला. राजूबाईने एक लहानसा श्वास सोडला, तो पुन्हा घेतला नाही.

उद्धवराव त्याच्या पाया पडले. “अण्णा, तुमच्या जिभेवर देव हाय बगा.”

“जीभ देवाचीच हाय. मी नुसती हलवायलोय,” मायाप्पा म्हणाला. हे वाक्य त्याचं ठरलेलं होतं, पण म्हणताना दरवेळी त्याला ते खरंच वाटायचं.

बाहेर ओट्याला टेकून पद्माबाई खोकत होती. थुंकीत रक्त होतं. तिने ते पायाने मातीत घासून टाकलं, पण मायाप्पाने पाहिलं होतं.

कलबुर्गीच्या दवाखान्यात तिच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली. श्वास राहिला, आवाज गेला. लेक तुळजा आळंदकडच्या सासरहून धावत आली आणि आईच्या उशाशी बसली. पुढे दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बापलेकीला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या. ज्या बाईच्या घशाखाली पेजेचा घोट महामुश्किलीने उतरतो तिला काय खावंसं वाटणार? पण डॉक्टरीण बिचारी पोरसवदा होती. तिला तरी दुसरं काय सुचणार?

हुमनाबाद रस्त्याला लागून धनगरवस्ती आहे, तिथल्या पत्र्याच्या घरात पद्माबाईची बाज दाराशी टाकली, वारा लागावा म्हणून. तुळजाने पोरं सासूपाशी ठेवली आणि माहेरी राहिली. गोळ्या कुटून पाण्यात कालवायच्या, नळी धुवायची, गळ्यावरचं फडकं बदलायचं. जखमेला वास सुटला तेव्हा ती सकाळ-संध्याकाळ ऊद जाळू लागली. शेजारच्या बायका उंबऱ्याशी येऊन पदर नाकाला लावत आणि लावला नाही असं दाखवत. औषधाचा अंमल उतरला की पद्माबाई बाजेच्या लाकडावर मुठी आपटायची. तोंड उघडं, मान ताठ, आणि आवाज नाही. ओरडणाऱ्या माणसाला बघवत नाही म्हणतात; न ओरडता येणाऱ्याला बघणं त्याहून अवघड असतं.

वस्तीला वाटलं होतं, मायाप्पा आज बसेल, उद्या बसेल. तो बसेना. सोमवारी म्हणाला, आज देवाचा उपास. मग म्हणाला, अमावास्या आहे. मग म्हणाला, माझाच घसा धरलाय. शेवटी शेजारची सावित्रीबाई दारात येऊन उभी राहिली. तोंडाची फटकळ, पण रोज न चुकता तांब्याभर ताक आणून देणारी.

“मायाप्पा, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, असं कामून करायलास?” ती म्हणाली. “मुलखाच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटंला लावलास. घरच्या बाईचे हाल बगत बसलास. काढ की कथा.”

“काढतो की अक्का. घाई कशाची?”

“घाई तुला न्हाई. तिला इचार.”

तिला विचारायची त्याची हिंमत नव्हती. कथा काढली की ती संपवावी लागणार, आणि संपली की पद्मी जाणार, एवढं सरळ त्रैराशिक होतं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या दारात उभं राहून सांगितलं होतं, माणसाला सोडावं, धरून ठेवू नये, जीवाला गाठ पडते. आता ते सगळं शहाणपण खुंटीला दिमडीशेजारी टांगून तो अंगणात बसून राहायचा आणि आत मुठी आपटल्याचा आवाज आला की उठून शेळीला पाला घालायचा. शेळीने इतका पाला जन्मात खाल्ला नव्हता.

एके सकाळी पद्माबाईने त्याला हाताने खुणावलं. आधी खुंटीवरच्या दिमडीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग जमिनीवर थाप मारली. बस इथे. मायाप्पाने कळलं नाही असं दाखवलं. “पाणी पाहिजे का गं?” असं विचारलं. जिचा प्रत्येक इशारा तो उभा जन्म वाचत आला होता, तिने उशाजवळचा स्टीलचा पेला उचलून त्याच्या अंगावर फेकला. बाईच्या अंगात तेवढी ताकद कुठून आली देव जाणे. पेला गुडघ्याला लागला.

“मारायलीस कामून? बसतो,” तो म्हणाला आणि घोंगडं अंथरून बसला. हुंकाराला तुळजा बसली, औषधाची वाटी मांडीवर घेऊन.

बापाकडून ऐकलेली कथा सकाळची भाकरी खाऊन सुरू केली तर उन्हं डोक्यावर यायच्या आत संपायची. त्या दिवशी उन्हं कलली तरी बिरोबा माळाच्या खालीच उतरत होता. मायाप्पाने त्याला आडवाटेला लावलं होतं. जिथे जिथे देवाने कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथे तिथे तो देवाला न्यायला लागला.

“मग बिरोबा गाणगापुराला आला,” तो म्हणाला. “मेंढरं बांधली लॉजच्या मागं आन् बसला पायरीवर बत्ताशे इकत. म्हाराष्ट्रातून आलेल्या बाया म्हणल्या, देवा, चार बत्ताशे जास्ती घाला. देव म्हणला, बाई, मीच उपाशी हाय.”

“व्हय जी,” तुळजा म्हणाली आणि मान खाली घालून हसली. पावसाळ्यात कथेला बोलावणं नसायचं तेव्हा आई-अप्पा गाणगापुरात बत्ताशे विकायचे, हे तिला ठाऊक होतं.

पद्माबाईने बोटांनी लाकडावर टकटक केलं. हे कथेत नाही, असा त्याचा अर्थ. शब्द चुकला की ती पूर्वी भरल्या माजघरातही त्याला अशीच टोकायची.

“असू दे की,” मायाप्पा म्हणाला. “देव हाय त्यो. कुठंबी जाईल. तुला इचारून जाईल का?”

दिवस मावळला तसं देवाला मुक्कामाला उतरवून त्याने कथा उद्यावर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी बिरोबा ऊस तोडायला गेला. फडात त्याच्या बायकोला कळा आल्या, पाचटाच्या खोपीत पोरगी झाली, आणि मुकादम म्हणाला, उद्या कामावर या. देव मुकादमाच्या अंगावर कोयता घेऊन धावला आणि बायकोने अंथरुणातून ओरडून त्याला थांबवलं. तुळजा हुंकार द्यायचं विसरून ऐकत राहिली. खोपीत आपण जन्मलो हे तिला माहीत होतं, कोयत्याचं आज कळलं. मग निवडणूक आली. देव जीपवर भोंगा घेऊन बसला. सकाळी एका पक्षासाठी मराठीत मतं मागितली, संध्याकाळी दुसऱ्यासाठी कानडीत. मग त्याच्या आवाजाची कीर्ती ऐकून लोकांनी तो आवाज कचऱ्याच्या गाडीत भरला. “आन् बिरोबा गल्लीगल्लीतून वरडत चालला, ओला कचरा येगळा, सुका कचरा येगळा.”

पद्माबाई हसली. हसू नळीतून शिट्टीसारखं बाहेर पडलं, मागोमाग कळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती हसत होती. मायाप्पाला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय. असाच देव फिरवत ठेवायचा. मुलूख केवढा मोठा आहे! बिदर आहे, भालकी आहे, उमरगा आहे. सोलापूर तर अजून राहिलंच आहे.

पण लांबवण्याच्या नादात त्याच्याकडून अशी चूक झाली जी त्याच्या सात पिढ्यांत कोणी केली नव्हती. देव एकदा नदी ओलांडून पल्याड गेला होता. त्याला मागे न आणताच मायाप्पाने पुन्हा पल्याड नेलं. पद्माबाईने दोन बोटं वर केली. मग हात हलवून विचारलं, अल्याड कधी आला? मायाप्पा ओशाळला. “आला आसंल की,” म्हणाला. तिने मान भिंतीकडे वळवली. चुकीचा तिला राग नव्हता. हा माणूस कथा सांगत नाही, नुसता अडवून बसलाय, हे तिला कळलं होतं.

त्यानंतरची सकाळ वाईट उजाडली. गोळ्या पोटात राहिनात. पद्माबाईच्या मुठीही थकल्या. नुसती बोटं लाकडावर खरडत राहिली. मायाप्पाने दिमडी घेतली आणि देवाला भालकीच्या बाजाराला नेऊ लागला. तुळजाने हुंकार दिला नाही.

“अप्पा, कोणासाठी लांबवायलास?” ती म्हणाली.

“मला सांगायलीस व्हय? कथा माझी हाय.”

“कथा तुजी. दुखणं तिचं हाय.”

मायाप्पा काही बोलायच्या आत पद्माबाईने हात पुढे केला. त्याला वाटलं, धरायला मागतेय. त्याने हात दिला. तिने त्याचा अंगठा पकडला, ओढत गळ्यापाशी नेला, नळीच्या तोंडावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत वरून दाबला.

त्याने हात हिसकावून घेतला. चटका बसल्यासारखा तो उठून अंगणात गेला. शेळीपाशी उभा राहिला आणि पोराबाळांसारखा रडला. ती हे त्याच्याकडून मागत होती, कारण दुसरं जे मागितलं होतं ते तो देत नव्हता. रडून झाल्यावर त्याने तोंड धुतलं, पंच्याने पुसलं, आत येऊन घोंगड्यावर बसला.

“मग बिरोबा म्हणला,” तो म्हणाला, “लई फिरलो. आता घरी जावं.”

“व्हय जी,” तुळजा म्हणाली.

आता त्याने एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. देव नदी उतरून अल्याड आला. पद्माबाईची बोटं लाकडावर थांबली. मेंढरांनी माळ ओळखला आणि ती पळत सुटली. बहीण आरती घेऊन आली. वस्तीला कुणकुण लागली तशी सावित्रीबाई आली, तिचा लेक बालाजी आला, दारात माणसं दाटली. देवाने काठी टेकली, पागोटं सोडलं. मायाप्पाचा आवाज आयुष्यात इतका चांगला लागला नव्हता, असं ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात. “आन् देव ठिकाणावर बसला,” तो म्हणाला आणि भंडारा उधळला.

पद्माबाईचे डोळे मिटले. हात बाजेखाली लोंबला. सावित्रीबाईने छाती पिटत हंबरडा फोडला. बायकांचा गलका झाला. बालाजीने डोळे पुसत मोटारसायकलला लाथ मारली आणि पाव्हण्यांना कळवायला तो हळ्ळीखेडच्या बाजाराकडे सुटला.

तो मैलभर गेला असेल. तुळजाने आईच्या गळ्यावरचं फडकं नीट करायला हात लावला, तर नळीच्या तोंडाशी हवा लागली. तिने नीट वाकून पाहिलं. पद्माबाई श्वास घेत होती. घटकाभराने तिने डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं, आणि आपण कुठे आहोत हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मायाप्पाला पुढे कधीच विसरता आलं नाही. तिची घोर निराशा झाली होती.

मेल्याची बातमी गाडीवरून जाते आणि जगल्याची पायी. दुपारपर्यंत पाव्हणे येऊ लागले. टमटम भरून बायका वेशीपासूनच गळा काढत आल्या, आणि दारात बाजेवर पद्माबाई त्यांच्याकडे बघत पडलेली. कोणी हार आणला होता, तो पाठीमागे लपवला. मयतीला निघालेल्याने आंघोळ केल्याशिवाय आपल्या घरी जाऊ नये, पण मयतच झाली नाही तर आंघोळ करायची की नाही, यावर अंगणात म्हाताऱ्यांचा वाद झाला. काहींनी केली, काहींनी नुसते पाय धुतले. सावित्रीबाईने चहा केला. पाव्हणे चहा पिऊन, खाली मान घालून, येतो म्हणायचं नसतं म्हणून न सांगताच निघून गेले.

मायाप्पाने दिमडी खुंटीला अडकवली. या घरात आता वर्षभर कथा नाही. त्याच्याजवळ होतं नव्हतं ते सांगून झालं होतं आणि बायको तशीच तळमळत होती.

“कुठं चुकलं?” त्याने तुळजाला विचारलं. “देव बसला. म्या बसवला. तू ऐकलीस की.”

तुळजा आईचं फडकं धूत होती. तिने ते पिळून दोरीवर टाकलं.

“अप्पा, माय पायथ्याला कामून बसायची, ठाव हाय?”

“हुंकारवाली तिथंच बसती.”

“तळवे बगायला. मला सांगितलं व्हतं तिनं, पोरपणी. पाय घोट्यापतूर गार पडले की हुंकार लांबवायचा. मग तू देवाला घरी आणायचास.”

मायाप्पा तिच्याकडे बघत राहिला. एवढी घरं झाली, एवढे पाय झाले. देवाच्या मनात आलं म्हणून तो जिथे जिथे वळला होता तिथे तिथे पायथ्याशी ही बसली होती. तिने हे त्याला कधी सांगितलं नाही. लोक त्याच्या पाया पडत तेव्हा ती बाहेर चपला शोधत असायची.

“म्हंजे मी नुसता बडबडत व्हतो,” तो म्हणाला.

“तसं न्हाई,” तुळजा म्हणाली. “जाणाऱ्याला कोणाचा तरी आवाज लागतोच की.” पण ते तिने बापाचं मन राखायला म्हटलं, हे त्यालाही कळलं. त्या रागात, की दुःखात, तो जेवला नाही. मग पायथ्याशी जाऊन बसला आणि बायकोचे तळवे हातात घेतले. तळवे गरम होते. चांगले गरम होते.

पद्माबाई पुढच्या अमावास्येपर्यंत जगली. ते दिवस सांगण्यासारखे नाहीत. जखम वाढली, पाठीला घाव पडले, तुळजाचे हात औषधाने आणि साबणाने सोलून निघाले. मायाप्पा पायथ्याशी बसून राहायचा. एका सकाळी नळाला पाणी आलं म्हणून तुळजा घागर घेऊन गेली, आणि शेळी सुटली म्हणून मायाप्पा तिच्यामागे धावला. परत आले तेव्हा पद्माबाई गेलेली होती. ना कथा, ना हुंकार, ना पायावर कोणाचा हात.

या वेळी बालाजीने घरोघरी फोन केले. पण माणसं थोडी आली. एकदा येऊन गेलो, एकदा रडून झालं, असं म्हणायला कोणी धजत नव्हतं, तरी तसंच होतं. ज्यांना पहिलीच बातमी मिळाली होती आणि दुसरी कधी मिळालीच नव्हती, अशीही पुष्कळ होती. त्यांच्या लेखी पद्माबाई त्याच दिवशी गेली होती, भंडारा उधळला तेव्हा.

दिवसकार्य झालं. पाव्हणे पांगले. तुळजा सासरी जायच्या आधी घर आवरून देत होती. आईच्या वाकळा तिने सोडा घालून उकळल्या आणि अंगणात दगडावर आपटत बसली. वास जात नव्हता. रस्त्यावरून मोटारसायकल वळली आणि एक तरुण माणूस उतरला. कपडे शेतातले, दाढी वाढलेली, डोळे जागरणाने तांबारलेले.

“मायाप्पा अण्णा तुमीच का? मी लिंगराज. हळ्ळीखेडचा,” तो म्हणाला. “आमचे अप्पा भीमाशंकर. लई बेजार हायत, अण्णा. फुप्फुसात पाणी झालंय म्हणं. आडवं होता येईना, बसता येईना. रात सारी बसवून धरायलोय त्यांना. मला म्हणायलेत, सोडीव बाबा.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “तुमी चला.”

“मी आता सांगत न्हाई, बाबा,” मायाप्पा म्हणाला. “माजी हुंकारवाली गेली.”

“ठाव हाय की. त्याच्यामुळंच आलोय.” लिंगराज अंगणातच खाली बसला. “बाजारात समदे म्हणायलेत. कथा संपली, भंडारा उधळला, आन् अक्कानं तसे डोळे मिटले म्हणं. हाल न्हाईत, तळमळ न्हाई. दिवा मालवल्यासारखी गेली म्हणं. आमच्या अप्पाला मी सांगितलं ते. तेवढं ऐकून त्यांना जरा बरं वाटलं बगा. मला म्हणले, खरंच तसं जाता येतं का, त्या मायाप्पालाच इचारून ये.” त्याने मान वर केली. “तशीच गेली ना, अण्णा?”

दगडावर वाकळ आपटायची थांबली. तुळजा ओल्या हातांनी तशीच बसून बापाकडे पाहत होती. मायाप्पाने तिच्याकडे पाहिलं. ते सोललेले हात पाहिले. नाही म्हटलं तर हा पोरगा रिकाम्या हाताने घरी जाईल आणि बाप त्याच्या तोंडाकडे बघेल. हो म्हटलं तर पद्मीचे ते सगळे दिवस या जगात कधी झालेच नाहीत असं होईल; तिने ते भोगले हे सांगणारं कोणी उरणार नाही.

“व्हय,” तो म्हणाला. “तशीच गेली.”

तुळजाने वाकळ होती तिथे दगडावर सोडली आणि उठून आत गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. मायाप्पा दिमडी घ्यायला आत गेला तेव्हा ती चुलीकडे तोंड करून उभी होती.

“जाऊन येतो गं,” तो म्हणाला.

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. त्याने घोंगडं खांद्यावर टाकलं आणि बाहेर येऊन लिंगराजच्या मागे बसला.

हुमनाबाद रस्त्याला लागल्यावर लिंगराजने मान थोडी मागे वळवली. “अण्णा, कसं झालं ते जरा सांगा ना,” तो म्हणाला. “अप्पाला सांगाया.”

मायाप्पाने घसा साफ केला. “सकाळची येळ व्हती,” तो म्हणाला. “देव नदी उतरून अल्याड आला व्हता. पद्मी बाजंवर पडून ऐकायली व्हती. चेहरा असा शांत, काय सांगू तुला...”

लिंगराजने गाडी हळू केली, वाऱ्यात एखादा शब्द निसटू नये म्हणून.